भावाने निवडलेला मिस्तरी

शहाद्यातल्या माझ्या ऑफिसात येणारा माणूस खुर्चीवर बसतो, पाणी पितो आणि प्लॉटचा उतारा काढायच्या आधी विचारतो, "मॅडम, मिस्तरी कोण चांगला?"

मी घरांचे नकाशे काढते, अंदाजपत्रक करते आणि काम सुरू असताना साइटवर चक्कर मारते. धुळ्याला डिप्लोमा केला, लग्न होऊन इथे आले, आणि तेव्हापासून हेच करते आहे. संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांना बाई असून या धंद्यात टिकल्याचा संघर्ष हवा होता. संघर्ष वगैरे फार नाही. ऊन खूप असतं, आणि साइटवर बायकांसाठी मोरी नसते. बाकी सगळं जमतं. म्हणून मी या एका प्रश्नाविषयीच लिहिते, कारण माझ्या नकाशापेक्षा तोच लोकांना महत्त्वाचा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे घर बांधायला बिल्डर येत नाही. सिमेंट, विटा, सळई, वाळू घरमालक आणतो आणि मजुरीचा ठेका मिस्तरी घेतो. सेंटरिंगवाला, प्लंबर, फरशीवाला हे सगळे वेगवेगळे, पण कुणाला कधी बोलवायचं ते मिस्तरीच ठरवतो. म्हणजे मिस्तरी आला तर घर पुढे सरकतं. नाही आला तर अर्ध्या भिंतींवर मोर बसतात. अतिशयोक्ती नाही, तळोद्याकडच्या एका साइटवर मी बसलेला पाहिला आहे.

लोक मिस्तरी कसे निवडतात? एक गृहस्थ मोबाइलवर फोटो घेऊन आले. मिस्तरीने पाठवलेले, म्हणे त्याने बांधलेली घरं. एका घरामागे नारळाची रांग आणि दारात होडी. मी म्हटलं, "भाऊ, हे आपल्या तालुक्यात कुठे आहे? मलाही बघायला आवडेल." दुसरे एक निवृत्त मास्तर. त्यांना गावच्या मंदिराचा मिस्तरीच हवा होता, कारण मंदिर कधी गळलं नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की देवाला बाथरूम लागतं का. मास्तर विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींना घेऊन आले. ते बरं झालं.

मी नाव सांगत नाही. हा माझा जुना नियम आहे. मी नाव सांगितलं की लोक बघायचं थांबवतात. त्याऐवजी मी त्यांना घरं बघायला पाठवते. नवीन घर बघू नका, नवीन घर सगळ्यांचंच चांगलं दिसतं. दोन-तीन पावसाळे खाल्लेलं घर बघा. घरचा पुरुष शेतात गेला असेल तेव्हा जा, आणि बाईला विचारा. पुरुषाने मिस्तरी निवडलेला असतो, तो "एक नंबर काम" असंच म्हणणार. बाई पोछा मारते, तिला पाणी कुठे साचतं ते ठाऊक असतं. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. माझ्या सासऱ्यांनी बांधलेल्या घरात ते दाराकडे येतं. मी रोज वायपर मारते आणि रोज त्या मिस्तरीची आठवण काढते. आणि शेवटचा प्रश्न: काम संपल्यावर, हिशेब मिटल्यावर बोलावलं तर तो आला का? जो परत येतो तो भरवशाचा. बाकी हात कमी-जास्त असतो, तो चालतो.

ही पद्धत वर्षानुवर्षं बरी चालली. ती अडली एकदाच, ब्राह्मणपुरीच्या रंजनाबाईंच्या घरापाशी.

होळी झाली आणि रंजनाबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, पपईची शेती सांभाळणाऱ्या, बोलायला तिखट. त्यांचा नकाशा मी आधीच दिला होता: पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, बाजूला जिना. त्यांना आता मिस्तरी हवा होता. (आमच्याकडे रोजचं बोलणं अहिराणीत. मीही तसंच बोलते, पण माझी वाक्यं इथे मराठीत लिहिली आहेत. माझ्या अहिराणीला माझ्या मुलीच हसतात.)

"ताई, घर ते पाडी टाकं," त्या म्हणाल्या. "आते मिस्तरी कोन लेवाना?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मिस्तरी ठरायच्या आधी घर पाडलं?"

"गुरुजीसनी तारीख काढी व्हती. तो दिन निंघी जाता मंग."

तर मुहूर्त निघाला म्हणून जुनं घर पाडलं होतं, आणि सगळं बिऱ्हाड मागच्या गुरांच्या शेडमध्ये गेलं होतं. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला फ्रिज. ही चूक आमच्या भागात मी पुष्कळदा पाहिली आहे. पाडायचा मुहूर्त काढतात, बांधणाऱ्याचा पत्ता नसतो. पावसाळ्याआधी डोक्यावर स्लॅब यायला हवा होता, नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने काढायचे, तेही काळ्या मातीत. काळी माती पावसात काय करते ते ज्याने तिच्यात गाडी रुतवली त्याला सांगायला नको.

"मग अडचण काय? तुमचा भाऊच मिस्तरी ना?" मी विचारलं. भिला मिस्तरी रंजनाबाईंचा धाकटा सख्खा भाऊ, हे मला माहीत होतं.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तीच ते अडचण शे ताई."

भिलाचा हात चांगला. प्लास्टर असं करतो की पुट्टी कमी लागते. पण त्याची एकाच वेळी तीन गावांत तीन कामं उघडी असतात. नारळ फोडायला येतो, जोत्यापर्यंत उत्साहात येतो, आणि मग घरमालक त्याला शोधत फिरतो. माझ्या नकाशांवरची दोन घरं त्याने बांधली. दोन्ही सुंदर, आणि दोन्ही घरभरणीच्या दिवशी बिनदाराची.

"भाऊले हो म्हनं ते घर ऱ्हाई जाई," रंजनाबाई म्हणाल्या, "आनी नही म्हनं ते माहेर तुटी जाई. मायबाप गयात. माहेर म्हंजे तोच शे. आखाजीले मले लेवाले कोन येई?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला न्यायला येतो. वय कितीही होवो. नातवंडं झालेल्या बायकाही त्या दिवशी सकाळपासून रस्त्याकडे बघतात आणि विचारलं तर म्हणतात, "छे, मी कुठे बघते?" रंजनाबाईंच्या भावाने एकही आखाजी चुकवली नव्हती. कामावर न येणारा माणूस बहिणीला न्यायला मात्र वेळेवर यायचा.

तेव्हा प्रश्न मिस्तरीचा नव्हता. पावसाच्या आत छप्पर आणि माहेर, दोन्ही हवं होतं.

मी माझा नेहमीचा मंत्र दिला. घरं बघा, बायकांना विचारा, तांब्या ओता. रंजनाबाई दोन-तीन दिवस फिरल्या आणि परत आल्या त्या ठरवूनच. त्यांना शहाद्याचा सलीम मिस्तरी हवा होता. सलीमभाई साठीला आलेला, कमी बोलणारा. त्याचे वडीलही मिस्तरी होते. संध्याकाळी काम संपलं की अवजारं धुऊन पुसून ठेवणारा. मी या गोष्टीकडे नेहमी बघते. ज्याच्या थापीवर कालचं सिमेंट वाळलेलं असतं, त्याच्या भिंतीवरही काहीतरी राहतंच.

"छान," मी म्हटलं. "बोला त्याच्याशी."

बोलायला त्या मला घेऊन गेल्या. सलीमभाईने ऐकून घेतलं, नकाशा पाहिला, आणि दुमडून माझ्या हातात परत दिला.

"भिलाभाऊनी बहीण ना तुम्ही? मंग मी नही."

"का?"

"आम्ही एक टपरीवर चहा पेतस, मॅडम. त्यानी सख्खी बहीणनं घर मी लिधं, ते उद्या त्याले तोंड कसं दखाडू? तो मन्ही बहीणनं घर लेता ते मले कसं लागतं?"

हे मला माहीत असायला हवं होतं. मिस्तरी लोक एकमेकांची गिऱ्हाइकं बिनदिक्कत पळवतात. पण एकाच्या घरच्या माणसाचं काम दुसरा घेत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात. मी त्याला वेळ कमी आहे वगैरे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "वेळ कमी शे, खरं शे," आणि चहा मागवला. म्हणजे बोलणं संपलं.

रंजनाबाई रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "भरवसाना माणूस शे ना हाऊ, ताई. म्हनीसनच नही म्हने."

ते मलाही पटलं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य होता.

दोन दिवसांनी भिला माझ्या ऑफिसात आला. बहीण लोकांची घरं बघत फिरते आहे ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. उंच, किडकिडीत, शर्टाचा खिसा मोबाइलने लोंबलेला. बसला नाही.

"मॅडम, तुम्ही मन्ही बहीणले लोकसना घरं दखाडी ऱ्हायनात?"

"हो."

"मन्हा हातमा काय खोट शे, ते सांगा."

"हातात काही नाही, भिलाभाऊ. पायात आहे. एका जागी ठरत नाहीत."

माझ्याकडे प्रिंट काढायला आलेला एक मुलगा खुदकन हसला. भिला त्याच्याकडे बघून मग खुर्चीवर बसला.

"पोट शे मॅडम," तो म्हणाला. "लोक जोता करतस आनी सिमेंट सरी जास. कापूस इकाय की बोलावसू म्हनतस. तवलोंग मी काय करू? बठी ऱ्हाऊ? मंग दुसरं काम लेवं पडस. मंग पहिलावाला म्हनस, भिला पयी गया."

यात खोटं काही नव्हतं. घरमालकाचा कापूस विकेपर्यंत काम थांबतं आणि पळून गेल्याचं नाव मात्र मिस्तरीच्या माथी. ही बाजू मी साइटवर पाहिलेली आहे, आणि ती लोकांना सांगतेही. पण म्हणून रंजनाबाईंनी म्हशीशेजारी पावसाळा काढावा असं होत नाही.

मी त्याला विचारलं, "समजा तू काम घेतलंस आणि आठ दिवस आला नाहीस. तुझी बहीण तुला झापेल का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"तुझे दाजी?"

"दाजी?" तो हसला. "लगीन व्हयनं तव्हयपासून दाजीसनी मले एक वाकडा शब्द नही बोलेल."

"बरोबर. आणि बहीण तोंडाने काही म्हणणार नाही, शेडमध्ये बसून रडेल. ज्याला झापता येत नाही असा मिस्तरी ठेवायचा नसतो. हे मी सगळ्यांना सांगते. तुलाही सांगते."

"मंग सलीमभाईले द्या." हे तो चिडूनच म्हणाला. "सगळं गाव त्यानंच नाव लेस."

"तो घेत नाही. तुझ्यामुळे."

भिलाला हे माहीत नव्हतं. सलीमभाईने त्याचा मान राखला होता, आणि तेही त्याला न कळवता.

तेव्हा मी म्हटलं ते आधी ठरवलेलं नव्हतं. "भिलाभाऊ, मिस्तरी मी निवडत नाही. तुझ्या बहिणीनेही निवडू नये. तू निवड. तालुक्यातल्या प्रत्येक मिस्तरीची खोड तुला माहीत आहे. बहिणीच्या घराला माणूस भावाने लावून दिला, तर कुणाला काय बोलायचंय? पण मग त्याच्या कामाचा जाब तुझ्याकडे."

"आनी मी मन्हंच नाव सांगं ते?"

"तर सांग. पण घरं बघून सांग. माझा नियम सगळ्यांना सारखा."

त्याला ती कल्पना आवडली. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची अशी अधिकृत संधी कुठल्या मिस्तरीला मिळते?

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर, मागे रंजनाबाई, आणि मी माझ्या स्कूटीवर, असे आम्ही निघालो. कुठली घरं बघायची ते रंजनाबाईंनी ठरवलं होतं. पहिल्या घरात भिलाने दारातूनच मान हलवली. "चौकट दखा मॅडम. दार आपोआप उघडी ऱ्हायनं. भूत शे का घरमा?" घरच्या बाईने तोंडाला पदर लावला. दुसऱ्या घरात त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, पोकळ आवाज आला, आणि तो माझ्याकडे परीक्षा पास झाल्यासारखा बघायला लागला. जिन्याच्या पायऱ्या चढला, उतरला, म्हणाला, "हाई पायरी उंच, हाई बुटकी. म्हातारं माणूस पडाव ना!" खरंच होतं. माझ्यापेक्षा बारीक नजर होती त्याची. एवढं कळणारा माणूस स्वतःच्या साइटवर का टिकत नाही, याची हळहळ मला तेव्हाही वाटली आणि आजही वाटते.

तिसरं घर प्रकाशा गावात होतं, तापीच्या बाजूच्या एका गल्लीत. गल्लीच्या तोंडाशीच भिलाची मोटरसायकल हळू झाली.

"आठे कसाले?" इथे कशाला, असं तो मागे वळून बहिणीला म्हणाला.

"चाल ना," रंजनाबाई म्हणाल्या.

ओट्यावर एक साठीच्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या. इंदूबाई त्यांचं नाव. त्यांनी मान वर केली, भिलाला पाहिलं आणि हातातला लसूण खाली ठेवला.

"या मिस्तरी! उनात का आते? तुम्हनासाठे मांडेल चहा तव्हयना थंडा व्हई गया."

आता मला कळलं. हे घर भिलाने सुरू केलं होतं. खिडक्यांच्या उंचीपर्यंत भिंती आणल्या आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. पुढचं सगळं सलीमभाईने पूर्ण केलं होतं. रंजनाबाई पहिल्या फेरीतच इथे येऊन गेल्या होत्या, आणि त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

भिलाची मान खाली. मला वाटलं हा आता गाडीला किक मारून जाणार. इंदूबाई मात्र मोकळ्या स्वभावाच्या. "बठा, बठा. आज गरम चहा करस. पन पुरा पीसनच जा, अर्धा सोडानं काम नही!" असं म्हणून आत गेल्या. रंजनाबाई भिंतीकडे तोंड करून हसल्या. शेवटी भिलालाही हसू फुटलं, केविलवाणंच.

मग तो उठला आणि त्याने घर बघायला सुरुवात केली. आता टकटक नाही, टोमणे नाहीत. बाथरूममध्ये इंदूबाईंनी दिलेला तांब्या ओतला. पाणी सरळ जाळीकडे गेलं. मागच्या बाजूला गेला, तिथे भिंतीला प्लास्टर नव्हतं, विटा उघड्या होत्या. तो भिंतीजवळ उभा राहून हाताने विटांच्या थरांवरून वर-खाली चाचपत राहिला.

कुठलाही मिस्तरी दुसऱ्याच्या अर्धवट भिंतीवर काम घेतो तेव्हा आधी तिला शिव्या देतो. खालचं वाकडं होतं म्हणून वरचं वाकडं आलं, असं म्हणायची सोय करून ठेवतो. काही जण वरचे थर पाडूनच टाकतात, मालकाच्या विटा वाया. आणि नाही पाडले तरी जिथे एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, ती रेघ मला तरी दुरून दिसते. हाताची सवय वेगळी, दोन विटांमधल्या दर्जेत मसाला भरायची तऱ्हा वेगळी.

"मॅडम," भिला म्हणाला, "जोड दखास नही."

मी जवळ जाऊन पाहिलं. नव्हताच दिसत. सलीमभाईने भिलाच्या हाताची तऱ्हा धरून पुढचे थर लावले होते.

"काय म्हनेत सलीमभाई, काम हातमा लिधं तव्हय?" त्याने इंदूबाईंना विचारलं.

"काय म्हनतीन? म्हने, भिंती चांगल्या शेतस, पाडाले नको." इंदूबाई चहा ओतत म्हणाल्या. "आनी मागला पावसायामा स्वतःच उना. बोलाडं नव्हतं. म्हने, जिनाना छतजोडे ओल येस का, दखी जास."

भिलाने चहा पूर्ण प्यायला. कपबशी स्वतः विसळून ठेवली. आम्ही गल्लीच्या बाहेर आलो. मग तो बहिणीला म्हणाला, "अक्का, तुले हाऊच माणूस पाहिजे व्हता ना पहिलेपासून?"

"तू निवडाना व्हता," रंजनाबाई म्हणाल्या. "मी काय बोलनू का?"

सलीमभाईकडे भिला एकटाच गेला, सकाळी टपरीवर. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला टपरीवाल्याकडून कळलं, म्हणजे थोडा मीठमसाला लावून. भिला म्हणाला म्हणे की माझ्या बहिणीचं घर तुम्ही बांधायचं, मी सांगतोय म्हणून. सलीमभाई म्हणाला, बांधतो. पण तू साइटवर पाहुणा म्हणून यायचं. थापी घेऊन आलास तर मी त्याच दिवशी काम सोडीन. एका भिंतीवर दोन मिस्तरी मला चालत नाहीत.

काम सुरू झालं. काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खोदलं, जोडीला दाजी आणि त्यांचे दोन शेजारी. सलीमभाई रोज आला. एक दिवस येणार नव्हता तर आदल्या दिवशी सांगून गेला. घरमालकाला याहून जास्त काही नको असतं. भिंती उभ्या राहिल्या. वर चढून काम करायला बांबूंचं पायाड बांधलं. घमेली उचलणाऱ्या बायका तळोद्याकडच्या होत्या, आपसात त्यांच्या पावरी भाषेत बोलायच्या आणि सलीमभाईची नक्कल करायच्या. त्यांतली एक माल इतका बरोबर कालवायची की तिला थापी द्यावी असं मी सलीमभाईला सुचवलं. तो म्हणाला, "लोक काय म्हनतीन?" माझ्या इतक्या वर्षांत बाईच्या हातात थापी मी पाहिलेली नाही. या धंद्यातली माझी मोठी खंत विचाराल तर ही.

रंजनाबाई मात्र झापायला शिकल्या. खिडकी नकाशापेक्षा हातभर सरकली तेव्हा त्यांनी सलीमभाईला सगळ्यांसमोर सुनावलं, त्याने मुकाट्याने थर काढला. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी भावालाही फोन करून सुनावलं, कारण मिस्तरी त्याने निवडला होता! भिला मला म्हणाला, "मॅडम, जिंदगीमा पहिली डाव अक्का मले बोलनी." तक्रार होती, पण सांगताना तो खूश होता.

स्लॅब भरला तो आखाजीच्या तोंडावर. मिक्सर, लिफ्ट, तीस-बत्तीस माणसांची धावपळ, दुपारी सगळ्यांना लापशीचं जेवण. मी सळई तपासायला सकाळपासून तिथे. संध्याकाळी स्लॅब गुळगुळीत झाला तेव्हा रंजनाबाई खाली उभ्या राहून वर बघत होत्या. पावसाळ्याची काळजी मिटली होती.

पण स्लॅबचं खरं काम भरल्यानंतर सुरू होतं. आमच्या वैशाखात सिमेंटला पाणी मिळालं नाही तर ते भाजतं आणि भेगा पडतात. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि ते कोरडे पडू द्यायचे नाहीत. दिवसातून तीनदा, कमीत कमी. हे काम घरच्यांचं, मिस्तरीचं नाही. आणि घरच्यांत दाजी पपईला पाणी देण्यात अडकलेले, त्या पाण्याची पाळी चुकवता येत नव्हती. म्हणजे उरल्या रंजनाबाई. त्या मला आखाजीच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "औंदा आखाजी आठेच. स्लॅब सोडीसन कशी जाऊ?" सरळ आवाजात म्हणाल्या. स्लॅब सोडून जाऊ नका असं मीच सांगणार होते.

आखाजीच्या दिवशी सकाळी प्रकाशाकडून परतताना मी ब्राह्मणपुरीला थांबले. स्लॅब बघायला, दुसरं काही नाही. अंगणात रंजनाबाई नव्हत्या. शेडला कडी होती. स्लॅबवर पाण्याचा आवाज येत होता. जिना अजून कच्चा होता, मी फळीवरून जपून वर गेले.

भिला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यांमध्ये उभा होता, हातात पाइप. प्रत्येक वाफा काठोकाठ.

"अक्का गयी माहेरले," तो म्हणाला. "मन्हा पोऱ्या लई गया गाडीवर. बायको शे घर, पुरणपोळी शे, झोका बांधेल शे. दाजी संध्याकाळ जातीन."

"मुऱ्हाळी तू ना? आणि तू इथे?"

"मंग कोन पाणी मारी? सलीमभाई?" त्याने पाइप दुसऱ्या वाफ्यात सोडला. "चार दिन राहसू म्हनी अक्का. मी म्हने, आठ दिन ऱ्हाय."

"तू आठ दिवस इथे?"

"तठे खाटलं टाकेल शे, म्हसजोडे."

आणि मग त्याने मला एका कोपऱ्यातला उतार दाखवला, म्हणाला, मी असतो तर इथे सुतळीभर जास्त दिला असता, पण असू द्या, पाणी जाईल. मी म्हटलं, जाईल. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका तापलेला होता की मलाही ऐकू येत होता. कुठल्यातरी गावी कुणाची तरी भिंत अर्धी होती.

भिलाने वाफ्यातल्या पाण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून पाइप पायाखाली दाबला.

"हा भाऊ, निंघनू," तो म्हणाला. "रस्तामाच शे."

फोन खिशात टाकला, पाय काढला आणि पुढचा वाफा भरायला घेतला. मी त्याला बोलायला हवं होतं. त्या माणसाची भिंत कुठली आणि तो किती दिवस थांबलाय, ते विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी विचारलं असतं.

मी त्याला म्हटलं, पूर्वेच्या कडेला पाणी जरा कमी आहे, आणि खाली उतरले.